एस्तो

निपाणीत, दस्तगीर मुल्लाच्या तंबाखूच्या वखारीत
पोती एका अंगाला सारून आठ कॉम्प्युटर मांडले होते.
भिंतीत मुरलेला वास तसाच.
पंख्यातून तो गरम होऊन यायचा
आणि रोमचं घोडदळ धावायला लागलं
की पहिली शिंक बाळेश अंकलीला.

तासाला वीस रुपये.
तेवढ्यात साधा लाकडी कोटही पुरा होत नसे.
आधी मजूर. मग झाडं. मग दगडाची खाण,
मग नदीच्या अलीकडून तटबंदी.
नकाशा सगळा काळा,
माणूस चालेल तेवढाच उजळायचा.

रंग निवडताना पंचाईत.
भगवा यादीत नव्हता. नारिंगी होता, मी तो घेतला.
बाळेशला लाल-पिवळा पाहिजे होता,
पण एका फौजेला एकच रंग.
म्हणाला, जांभळा दे मग.
जांभळ्यासाठी कोण दगड मारत न्हाई.

मजुरावर क्लिक केलं की तो म्हणायचा, एस्तो.
बाळेश म्हणे, बघ, कन्नड बोलालाय. एष्टु?
किती, म्हणून इचारालाय. मजुरी किती.
मी म्हणे, हाड. असतो म्हणालाय.
असतो की हितंच, तू काम सांग.
दोन आठवडे भांडलो यावर.
शेवटी दस्तगीरचाचा मध्ये पडले,
उर्दू नाही एवढं खरं, पैसे काढा.

घरी आई सूप मांडीवर घेऊन.
पत्र्याच्या फर्म्यावर पान कापायचं, जर्दा भरायचा,
नखानं तोंड मुडपायचं, दोरा.
रात्री दहापर्यंत हजार.
शनिवारी मुनीम मूठभर विड्या उचलून
छाट म्हणून टोपलीत टाकायचा.
आई विचारायची, किती गेल्या?
तो मोजायचा नाही.

एस्तो म्हणजे लॅटिनमधलं 'असो',
हे कळायला मला तेहतिसावं वर्ष लागलं.
तोवर बाळेश हुबळीला, नंबर बदललेला.
असो.

त्या वर्षी एक नोव्हेंबरला बाजार बंद.
चाचांनी शटर गुडघ्यापर्यंत ओढलं
आणि म्हणाले, आवाज बंद करून खेळा.
शटरखालून नुसते पाय दिसत होते,
चपला, बूट, एक अनवाणी.
कुठल्या बाजूचे, ते बघायला आम्ही वाकलो
आणि परत पडद्याकडे वळलो.

माझी चाळीस घोडी त्याच्या तटाशी.
खाणीच्या बाजूला एक भगदाड,
एक माणूस जाईल एवढंच.
बांधायचं विसरलास काय रे?
बाळेश म्हणाला, विसरलो न्हाई. ठेवलंय.
माझी माणसं पलीकडच्या झाडांना जातात.
वेशीतनं गेली तर वळसा लांब पडतोय.

तेव्हा ते जांभळे मजूर येतच होते,
खांद्यावर लाकडं, एकामागं एक,
माझ्या घोड्यांच्या पायातून वाट काढत.
त्यांच्या हातात काही नसतं, पडताना ओरडतही नाहीत.
शिकलेला खेळाडू आधी मजूरच मारतो.
फौज मग उपाशी मरते, आपोआप.
मी शिकलेला होतो.

बाहेर काच फुटल्याचा आवाज आला
आणि हेस्कॉमनं लाईट घालवली.
यूपीएस थोडा वेळ टिवटिवला, तोही थांबला.
वखारीत तंबाखूचा वास एकदम वाढला.
दस्तगीरचाचा अंधारात काडेपेटी चाचपत होते.

शेजारच्या खुर्चीतून बाळेश म्हणाला,
एष्टु?

मी मोजले नव्हते.